‘थांबा’ आणि ‘सोडा’ यांच्यामध्ये

कसबा पेठ, पुणे
१२ जून २०२५

श्री. चेतन रणपिसे यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या ‘आवर’ या प्रोग्रॅमच्या पानावर तळाशी लिहिलंय, ‘ईमेलला उत्तर मिळेलच असं नाही. पत्राला मिळेल.’ माझ्या तीन ईमेलना उत्तर मिळालं नाही, म्हणजे निम्मं वाक्य खरं ठरलं. उरलेलं निम्मं तपासायला आज आयुष्यात पहिल्यांदा पोस्टात गेलो. कसब्यातून विश्रांतवाडीला पत्र कधी पोचेल असं विचारलं, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, घाई असेल तर स्वतः जाऊन द्या.

मी शौनक करडे. मार्चमध्ये एका मेळाव्यात आपण भेटलो होतो. पानावरचा पत्ता खरा आहे का असं मी विचारलं होतं आणि तुम्ही नुसती मान हलवली होतीत. लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हा माझा धंदा आहे. तुमच्यात एक सापडली.

जुन्या फायली साफ करायला ‘आवर’ उत्तम आहे, यात वाद नाही. टर्मिनलमध्ये फोल्डरचं नाव दिलं की तो आधी तपासतो, हे पुसायला हरकत नाही ना. मग पडद्यावर येतं, ‘श्वास घ्या. थांबा.’ पाच सेकंद जातात. मग तो पुसतो आणि म्हणतो, ‘सोडा.’ हा प्रोग्रॅम आहे की प्राणायामाचा वर्ग, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवतो. अडचण त्या पाच सेकंदांची आहे. तपासलं एक आणि पुसलं भलतंच, असं त्या वेळात कोणालाही घडवून आणता येतं. मी स्वतः करून पाहिलं. सोबत चार पानं जोडली आहेत.

आमच्यात रिवाज असा आहे की कर्त्याला नव्वद दिवस द्यायचे आणि मग चूक जाहीर करायची. म्हणजे दहा सप्टेंबर. तोवर दुरुस्ती झाली नाही तर लिनक्सचे संच तयार करून लोकांना वाटणारी मंडळी त्यांतून ‘आवर’ काढून टाकतील. आळस करू नये ही विनंती.

आपला,
शौनक करडे


विश्रांतवाडी
२४ जून २०२५

श्री. शौनक करडे यांना,
नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. चेतन ४ मे रोजी गेला. हृदयविकाराचा झटका आला. नव्वद दिवसांत तो काही करेल असं वाटत नाही.

चार पानं वाचली. कळली नाहीत. परत पाठवत आहे, तुम्हाला लागतील.

ईमेलचा पासवर्ड मला माहीत नाही. पत्राला उत्तर मिळेल असं त्याने लिहिलं होतं, म्हणून हे उत्तर.

कल्याणी रणपिसे
(चेतनची पत्नी)


कसबा पेठ
२८ जून २०२५

श्रीमती कल्याणी रणपिसे यांस,
सादर नमस्कार.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन फाडली, कारण त्यांत मी माझ्या आईने सांगितलेली वाक्यं लिहिली होती आणि ती कुठल्याही माणसाला लागू पडली असती. मला वाईट वाटलं. आळशी म्हटल्याचं जास्त. प्राणायामाबद्दलही माफ करा.

पण चूक चेतनसरांबरोबर गेलेली नाही, ती आहे तिथेच आहे. अशा वेळी फार त्रास न होता एक करता येतं. ज्याला कोणी वाली नाही अशा प्रोग्रॅमला आमच्यात ‘अनाथ’ म्हणतात. मी तसं कळवतो. ती मंडळी तो गाजावाजा न करता काढून टाकतील. चूक जाहीर करताना मी सरांचं नाव वगळीन. तुम्हाला काहीच करावं लागणार नाही.

आपला नम्र,
शौनक करडे


विश्रांतवाडी
७ जुलै २०२५

श्री. करडे यांना,
नमस्कार.

नाव वगळू नका. चूक त्याची असेल तर तिच्यावर नावही त्याचंच असू द्या.

‘अनाथ’ हा शब्द तुमच्या धंद्यातला असेल. घरात मी आहे, सासूबाई आहेत. आम्हाला विचारल्याशिवाय कोणाला अनाथ ठरवू नये.

चेतनच्या पुण्यानुमोदनाला बरेच लोक बोलले. मितभाषी होता, मनमिळाऊ होता, असं सगळ्यांनी सांगितलं. एकजण म्हणाले, त्याच्या हातच्या मटणाला तोड नव्हती. चेतनला चहासुद्धा येत नव्हता. ते गृहस्थ चुकीच्या कार्यक्रमाला आले असावेत. जेवून गेले. या प्रोग्रॅमबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. मलाही तो रात्री काहीतरी टाइप करतो एवढंच माहीत होतं.

तो काढून टाकू नये असं मला वाटतं. चूक काय आहे ते माणसांच्या भाषेत लिहा. चार पानं नकोत.

कल्याणी रणपिसे


कसबा पेठ
१२ जुलै २०२५

कल्याणीताई,
ताई म्हटलेलं चालेल असं धरून चालतो. चालत नसेल तर कळवा, पत्र पोचेपर्यंत तुमचा रागही उतरेल.

माणसांच्या भाषेत सांगतो. माझे काका बाबुराव आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आहेत, त्यामुळे सगळ्या घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे. मागच्या दिवाळीत त्यांनी जिन्याखालचं भंगार काढायचं ठरवलं. स्वतः वाकून ढीग तपासला. गंजलेली खुर्ची, फुटका पंखा, बूड गेलेलं घमेलं. भंगारवाल्याला मागचं फाटक उघडायला किल्ल्यांचा जुडगा दिला, जिन्याखाली आहे ते सगळं ने म्हणाले, आणि चहा प्यायला घरात गेले. चहा होईपर्यंत पहिल्या मजल्यावरच्या ज्ञानदेव मास्तरांचा तबला-डग्गा गेला होता.

मधल्या वेळात कोणीतरी ढीग अंगणात सरकवला आणि त्या जागी पाटी टेकवून ठेवली, ‘माल वर आहे. पहिला मजला, डावं दार.’ भंगारवाला आज्ञाधारक होता आणि किल्ली हातात होती. पाटी कोणी ठेवली ते अजून कळलेलं नाही. मास्तर रोज पहाटे पाचला रियाज करत, त्यामुळे संशयितांत सगळी इमारत येते.

काका अजून म्हणतात, ‘पण मी तपासलं होतं.’ खरंच तपासलं होतं. तपासणं आणि उचलणं यांच्यामध्ये चहा होता, एवढंच.

‘आवर’मध्ये चहाच्या जागी पाच सेकंद आहेत. कॉलेजच्या लॅबचा कारभार बघणारा माणूस ‘आवर’ चालवतो, त्याच्याकडे सगळ्या किल्ल्या. कोणी कारटं त्या पाच सेकंदांत आपलं फोल्डर सरकवतं आणि त्याच जागी, त्याच नावाने, दुसरीकडे बोट दाखवणारी पाटी ठेवतं. ‘आवर’ फक्त नाव बघतो, पाटीच्या बोटाकडे जातो आणि दुसऱ्याचं पुसून येतो.

उपाय सोपा आहे. पाच सेकंद काढून टाकायचे. एक ओळ खोडायची. ते श्वासाचं प्रकरणही त्याबरोबर जाईल, आणि खरं सांगायचं तर कोणी रडणार नाही. तुम्ही हो म्हणा, पुढचं मी बघतो.

शौनक


विश्रांतवाडी
१९ जुलै २०२५

शौनक यांना,
ताई चालेल.

समजलं. मास्तरांचं वाईट वाटलं. तबला जायच्या आधीच्या वर्षांसाठी बाकीच्या इमारतीचंही वाटलं.

एक लक्षात आलं. मार्चमध्ये तुम्ही चेतनला पत्ता विचारलात तेव्हा तो होता. पत्र टाकलंत तेव्हा नव्हता. मधे तुम्हीही चहा प्यायलात. म्हणजे धंद्यातल्या लोकांचंही असं होतं.

ओळ खोडू नका. पाच सेकंद राहू द्या. दुसरं काही करता येतं का ते पाहा. कारण सांगायची गरज मला वाटत नाही.

कल्याणी रणपिसे


कसबा पेठ
२४ जुलै २०२५

कल्याणीताई,

कारण न सांगता ‘नाही’ म्हणणारी माणसं कसब्यात घरोघरी आहेत, पण ती निदान समोर बसून नाही म्हणतात. तुमच्या नाहीसाठी मला आठवडा थांबावं लागतं.

गेल्या आठवड्यात एका कॉलेजात हे खरोखरच घडलं. कोणीतरी माझ्यासारखीच ती फट शोधली आणि एका वर्गाचे प्रोजेक्ट उडाले. प्रती होत्या म्हणून पोरं वाचली. पुढच्या वेळी नसतील. माझ्याकडे एका ओळीचा उपाय तयार आहे आणि तुम्ही म्हणता राहू द्या.

एक सांगायचं राहिलं होतं. या चुकीवर मला सप्टेंबरात व्याख्यान द्यायचं आहे. नाव ठरलंय, सभागृह ठरलंय. तारीख आता हलणार नाही. तुमची परवानगी लागते असंही नाही. दहा तारखेला एकतर ती ओळ जाईल किंवा अख्खा ‘आवर’ जाईल.

सरांची आठवण ठेवायची तर भिंतीवर फोटो लावा. दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कशाला?

शौनक


विश्रांतवाडी
१३ ऑगस्ट २०२५

शौनक यांना,

फोटो लावलेला आहे. त्यात चेतनने डोळे मिटले आहेत. दुसरा नव्हता.

उत्तराला उशीर झाला. आधी कारण लिहिते, म्हणजे पुन्हा तो विषय नको.

मी एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. माणसाला यंत्रापुढे उभं करते, काचेमागे जाते आणि म्हणते, ‘श्वास घ्या. थांबा.’ बटण दाबते. ‘सोडा.’ दिवसभर एवढंच बोलते. घरी आल्यावर तेवढंही नाही. चेतन मला न्यायला यायचा तेव्हा बाहेरच्या बाकावर बसायचा. दार बंद असलं तरी आवाज बाहेर जातो. एकदा स्कूटरवर म्हणाला, ‘दिवसभर लोकांना गप्प बसवतेस आणि वर पगार घेतेस.’ यापलीकडे तो त्याबद्दल कधी बोलला नाही. माझे शब्द त्याने प्रोग्रॅममध्ये घातले आहेत, हे मला तुमच्या पहिल्या पत्रातून कळलं. मी ते उभ्यानेच वाचत होते. गॅसवर भेंडी होती, ती करपली.

तो गेला तेव्हा आम्ही खडकवासल्याला गेलो होतो. धरणाच्या कडेला कणीस खात बसलो होतो. त्याने कणीस माझ्याकडे दिलं, धर म्हणाला, आणि छातीला हात लावला. पुण्यानुमोदनाला सगळे बोलले, मी त्याच्याबद्दल एक शब्द बोलले नाही. मला सुचलाच नाही. तुमच्या पत्रांतून कळलं की कुठे कुठे लोक ‘आवर’ चालवतात आणि त्यांच्या पडद्यावर ‘श्वास घ्या’ येतं. ते राहावं असं मला वाटलं. एवढंच कारण.

पण कॉलेजातल्या मुलांचं वाचलं आणि बरं वाटलं नाही. ओळ खोडा असं पत्र लिहून पाकिटात घातलंही होतं. ते टाकायच्या दिवशी कामावर एक बाई आल्या. थांबा म्हटलं, तर त्या मान वळवून मला विचारतात, ‘अहो, किती वेळ?’ एक्स-रे वाया गेला. त्यांचं बरोबर होतं, माझंच चुकलं होतं. मी पत्राच्या विचारात होते आणि हात वर करायला विसरले होते.

‘थांबा’ म्हटल्यावर मी काचेतून नेहमी तळहात दाखवते. हलू नका अशी ती खूण असते. तोंडाने म्हटलं की घाबरलेली माणसं उलट हलतात, म्हणून आमच्यात हाताने सांगायची पद्धत आहे. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी तेच शिकवलं होतं. बाकावर बसलेल्याला ती खूण दिसत नाही. चेतनने ऐकलं तेवढं सगळं घेतलं, बघायचं ते राहिलं.

म्हणजे थांबण्यात चूक नाही असं मला वाटतं. थांबलेलं असताना हलू द्यायचं नाही. प्रोग्रॅमला तसं करता येत असेल तर करा. येत नसेल तर ओळ खोडा. मुलांचं नुकसान नको. यावर मी पुन्हा आग्रह धरणार नाही.

कल्याणी रणपिसे


कसबा पेठ
२० ऑगस्ट २०२५

कल्याणीताई,

करता येतं.

आणि हे मला जूनपासून माहीत होतं. एक ओळ खोडली असती तर फट बारीक झाली असती, बुजली नसती. पाच सेकंदांच्या जागी डोळ्याचं पातं लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ उरला असता, पण तेवढ्या वेळात पाटी ठेवणारे महाभाग असतात. मी स्वतः त्यांतला आहे. पण खरी दुरुस्ती मेहनतीची होती, प्रोग्रॅम माझा नव्हता, आणि व्याख्यानाला ‘एक ओळ’ छान दिसली असती. आळशी कोण होतं ते लक्षात आलं असेल.

खरी दुरुस्ती अशी. बाबुकाकांनी चहा प्यायला हरकत नव्हती. ढिगावर बसून प्यायला हवा होता. ‘आवर’ने फोल्डर तपासतानाच ते हातात घट्ट धरायचं आणि पाच सेकंद सोडायचं नाही. वेळ झाली की हातातलं आणि त्या जागेवरचं एकच आहे ना ते बघायचं. असेल तर जे हातात आहे तेच पुसायचं, नाव वाचत फिरायचं नाही. नसेल तर कशालाही हात लावायचा नाही. मी कालपासून लिहायला बसलोय. काका विचारतात, जेवायला येणार की ते पण पोस्टाने मागवणार.

अडचण एकच आहे. दुरुस्ती सरांच्या खात्यातून जायला हवी. पासवर्ड नसला तरी चालेल, त्यांच्या मोबाइलवर एक आकडा येतो. तो मोबाइल अजून चालू आहे का? मी या रविवारी, २४ तारखेला, सकाळी येतो. नको असेल तर दारातून परत पाठवा. या वेळी पत्रानेच परवानगी मागायला गेलो तर दहा सप्टेंबर उलटेल.

फोटोबद्दल जे लिहिलं ते मी लिहायला नको होतं.

आणखी एक. चार वर्षं मी ‘आवर’ वापरतोय. ऑफिसात सगळ्यांसमोर त्याची टिंगल करतो. पण तो ‘श्वास घ्या’ म्हणतो तेव्हा मी दर वेळी घेतो. शेजारी बसणारी दीपालीही घेते. आम्ही कधी एकमेकांना हे बोललो नव्हतो. काल विचारलं.

शौनक


विश्रांतवाडी
३ सप्टेंबर २०२५

शौनक,

रविवारी तुम्ही सांगितलेलं मी वहीत उतरून घेतलं होतं, त्याप्रमाणे सगळं केलं. चेतनचा मोबाइल आता मी दोन दिवसांनी एकदा चार्ज करते. आधी रोज करायचे. कोणाचा फोन येईल म्हणून नव्हे. दोन चार्जर शेजारी शेजारी होते आणि एक रिकामा बरा दिसायचा नाही.

तुम्ही गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, ‘माझ्या पोराचं नक्की चुकलं तरी काय?’

मी म्हटलं, ‘हाताची खूण राहिली.’

त्या म्हणाल्या, ‘मग तू त्याला आत बोलवून दाखवायची होतीस.’ आणि शेंगा सोलायला बसल्या. तुम्ही पुन्हा कधी येणार असं विचारत होत्या. तुम्ही फार बारीक आहात आणि कसब्यात खायला मिळत नाही असं त्यांचं मत झालं आहे.

तुम्ही दोन जागा माझ्यासाठी रिकाम्या ठेवून गेलात. पहिली, यापुढे ‘आवर’ कोण सांभाळणार. तिथे माझं नाव घाला. मला त्यातलं काही येत नाही हे खाली स्पष्ट लिहा, आणि काम शौनक करडे करतील हेही लिहा. चेतनचं नाव वर आहे तसंच राहू द्या. चूक त्याची, हेही राहू द्या. पत्राला उत्तर मिळेल, ते वाक्य काढू नका. ते आता माझ्याकडे लागलं.

दुसरी जागा, मधल्या पाच सेकंदांत कोणी फोल्डर सरकवून पाटी ठेवली तर पडद्यावर काय यावं. तुम्ही सुचवलेलं ‘सुरक्षेच्या कारणास्तव ही क्रिया रद्द करण्यात येत आहे’ हे बँकेतल्यासारखं वाटतं. माझ्याकडे कोणी हललं तर मी जे म्हणते तेच घाला.

‘हललात. पुन्हा.’

पुढे उद्गारचिन्ह नको. मी ओरडत नाही.

व्याख्यानाला येणार नाही. गर्दीत मला बसवत नाही. बाबुरावांना माझा नमस्कार सांगा. ढिगावर बसून चहा प्यायचं उदाहरण देणार असाल तर त्यांना आधी विचारा.

काल कामावरून आल्यावर चेतनच्या लॅपटॉपवर तुम्ही ठेवलेला नवा ‘आवर’ मी पहिल्यांदा एकटीने चालवून पाहिला. एका फोल्डरमध्ये जुनी वीजबिलं होती, एकेक बिल चेतनने सात-सात वेळा उतरवून घेतलेलं. बाकीचं सगळं ठेवलं आहे, तेवढंच फोल्डर दिलं. पडद्यावर आलं, ‘श्वास घ्या. थांबा.’ मी घेतला. थांबले. खोलीत कोणी नव्हतं, तरी तळहात वर केला.

मग ‘सोडा’ आलं. बिलं गेली.

कल्याणीताई